पाळणा

पाळणा : तान्ह्या मुलास निजविण्यासाठी व झोके देऊन शांत करण्यासाठी वापरण्यात येणारे, टांगलेले किंवा घडवंचीवर बसविलेले शय्यासाधन. ‘पाळणे’ म्हणजे सांभाळणे या क्रियापदाशी या शब्दाचे नाते उघड आहे. मराठीत हा शब्द वस्तूपुरता राहिलेला नाही. बाळाला निजविताना म्हटल्या जाणाऱ्या गीतालाही पाळणाच म्हणतात. घरात पाळणा हलणे म्हणजे मूल होणे, पाळणा लांबविणे म्हणजे दोन अपत्यांत अंतर राखणे आणि नोकरदार मातांची मुले सांभाळणारी जागा ती पाळणाघर. एखाद्या वस्तूभोवती इतके अर्थ गोळा व्हावेत, यावरूनच तिचे कुटुंबातील स्थान लक्षात येते. मात्र पाळणा हे बाळाच्या झोपेचे एकमेव साधन कधीच नव्हते. जन्मानंतरचे पहिले काही दिवस ते पाळण्यात नव्हे, तर आईजवळ बाजेवर निजे आणि श्रमिकांच्या घरी लाकडी पाळण्याची जागा लुगड्याच्या झोळीने घेतलेली असे. बाज, पाळणा व झोळी या तिन्हींचा विचार केल्याखेरीज नवजात अर्भकाला कोठे निजवावे, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास पुरा होत नाही.

प्राचीन उल्लेख : ऋग्वेदात ‘प्रेङ्ख’ हा झोपाळ्याचा वाचक शब्द आला आहे, तथापि बाळाच्या शय्येविषयी तपशीलवार विचार आढळतो तो आयुर्वेदात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचे, म्हणजे बाळाच्या खोलीचे, वर्णन आहे. खोली वारा न लागणारी परंतु उजेडाची असावी. अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे. घाम व मलमूत्र यांनी खराब झालेली वस्त्रे टाकून द्यावीत आणि ते शक्य नसल्यास धुऊन, वाळवून व धुरी देऊन मगच वापरावीत, असे तेथे सांगितले आहे. खेळणी टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, हा नियमही त्याच ठिकाणी सापडतो. आजच्या बालरोगतज्ञाला यातील फारच थोडे बदलावे लागेल. प्राचीन रोमन नगर हर्क्युलेनियम हे इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकाने गाडले गेले. तेथील उत्खननात कोळसा झालेला एक लाकडी पाळणा मिळाला आहे. वक्र पायांवर डोलणारा हा प्रकार यूरोपात पुढेही चालू राहिला. भारतात मात्र टांगलेल्या पाळण्याला प्राधान्य मिळाले. जमिनीवरील ओल, विंचूकाटा व मुंग्या यांपासून बाळाला दूर ठेवण्याची सोय त्यात होती.

बाळंतिणीची बाज : नासिक जिल्ह्यातील निफाड हे तालुक्याचे गाव गोदावरी-कादवा खोऱ्यातील काळ्या, सपाट जमिनीच्या प्रदेशात आहे. येथील थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. गावालगतच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद वारंवार होते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा २° से. च्याही खाली उतरला होता. अशा रात्री द्राक्षबागाईतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवितात. याच थंडीत जन्मलेल्या बाळाला ऊब कशी द्यावयाची, हा येथील घराघरांतला जुना प्रश्न आहे.

त्यावरील परंपरागत उत्तर म्हणजे बाळंतिणीची खोली. सुंभाने किंवा नवारीने विणलेली बाज, तीवर जुन्या लुगड्यांची गोधडी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा व बाळंतशेपा यांची धुरी आणि दारे-खिडक्या बंद, असा तिचा सर्वसाधारण थाट असे. बाळाला टोपडे किंवा कुंची घालून दुपट्यात गुंडाळीत आणि आईच्या कुशीला निजवीत. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही समजूत सर्वत्र होती. पहिल्या आठवड्यातच पुष्कळ मुले दगावत, हे या समजुतीच्या मागचे वास्तव होते.

या व्यवस्थेतील एक भाग शहाणपणाचा, तर दुसरा घातक होता. आईच्या अंगाची ऊब व रात्रभर सहज मिळणारे स्तन्य यांनी बाळ तगत असे. उलट, कोंदट खोलीतील निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठण्याचे आणि बाळ भाजण्याचे भय असे. धुराने श्वसनमार्गाला होणारा त्रास वेगळाच. जुन्या पिढीचे सारेच शास्त्रीय होते असे म्हणणारे आणि सारेच अडाणीपणाचे होते असे म्हणणारे, दोघेही या खोलीकडे नीट पाहत नाहीत.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. म्हणजे ऐन थंडीतला. त्यांच्या चरित्रांतून एक आठवण सांगितली जाते. ते सुमारे अडीच वर्षांचे असताना कुटुंब बैलगाडीने कोल्हापूरकडे निघाले होते. रात्री आईचा डोळा लागला व मूल गाडीतून खाली पडले. मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांच्या ते ध्यानात आले, म्हणून ते वाचले. आईशेजारी निजविलेल्या मुलाचे संरक्षण शेवटी आईच्या जागेपणावर अवलंबून असते आणि दमलेली आई झोपणारच, हे या प्रसंगातून स्पष्ट दिसते. पुढे रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या नेतृत्वाखाली पुणे येथे १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. बाळंतिणीच्या खोलीतील हवा पालटण्यास ज्या संस्था कारणीभूत झाल्या, त्यांत सेवासदनाची गणना करावी लागते.

बारसे व पाळणा : पाळण्याचा घरात विधिपूर्वक प्रवेश होतो तो बारशाला, सामान्यतः बाराव्या दिवशी. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने पाळणा बहुधा आजोळचा असतो. सजविलेल्या पाळण्याच्या दोन्ही बाजूंना सुवासिनी उभ्या राहतात. काही घरांत प्रथम वरवंट्याला झबले-टोपडे घालून तो पाळण्याच्या खालून-वरून एकीच्या हातून दुसरीच्या हाती दिला जातो व त्यानंतर बाळाला पाळण्यात घालतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. रामनवमीला भर दुपारी, गोकुळाष्टमीला मध्यरात्री आणि शिवजयंतीला शिवनेरीवर पाळणा हलविण्याची प्रथा हे याच घरगुती विधीचे सार्वजनिक रूप होय. संतवाङ्‌मयात पाळण्याच्या रूपकाने वेदान्त सांगितलेला आढळतो. चांगदेवाला उद्देशून मुक्ताबाईने रचला असे मानले जाणारे पाळणागीत हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

वाड्यांतील पाळणे सागवानी किंवा शिसवी असत. तुळईतील कड्यांना साखळ्या किंवा दोऱ्या अडकवून ते टांगीत आणि वर चिंध्यांचे राघू-मैना किंवा रंगीत लाकडी चेंडू बांधीत. गुजरातेत संखेडा येथील लाखकामाची घोडियुं आणि कर्नाटक सीमेवरील तोट्टिलु ही त्याचीच भावंडे. एकच पाळणा तीन-चार पिढ्या चाले. घरातील कर्ता पुरुष कोणत्या पाळण्यात वाढला, हे आजी अभिमानाने सांगत असे. सिमेंटच्या छताच्या घरांत कडी राहिली नाही, तेव्हा लोखंडी नळ्यांच्या घडवंचीवरील पाळणा आला. अलीकडे विजेवर झुलणारे पाळणेही मिळतात.

झोळी व पाळणाघर : निफाड तालुक्यात द्राक्षाची छाटणी, विरळणी व काढणी यांसाठी पेठ, सुरगाणा या आदिवासी भागांतून मजूर कुटुंबे येतात. साखर कारखान्यांमुळे ऊसतोडणीच्या टोळ्याही या भागाला परिचित आहेत. या मातांच्या मुलांचा पाळणा म्हणजे झोळी. लुगड्याची दोन टोके बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीला अथवा बैलगाडीच्या खाली बांधली, की झाली. ती वाहून न्यावी लागत नाही, वाऱ्याने आपोआप हलते आणि बाळाला जमिनीपासून दूर ठेवते. बिनखर्चाचे इतके सोयीस्कर साधन दुसरे नाही.

तिचे धोके मात्र दुर्लक्षिले गेले. झोळीत बाळाची पाठ वाकते व हनुवटी छातीला टेकते. नवजात अर्भकाची मान धरलेली नसल्याने अशा स्थितीत त्याचा श्वासमार्ग दबू शकतो. मूल रांगते-उभे राहते झाले, की लुगड्याचा पीळ गळ्याभोवती बसून फास लागण्याचे अपघात होतात. भारतीय न्यायवैद्यक नियतकालिकांत त्यांची नोंद झाली आहे. सांभाळण्यास सहा-सात वर्षांची बहीण ठेवलेली असते. अपघाताचा दोष तिच्या किंवा आईच्या माथी मारणे सोपे असते, परंतु झोळी ही निवड नसून निरुपाय असतो. मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी हाच निरुपाय अफूच्या ‘बाळगोळी’च्या रूपाने दिसला. कामाच्या पाळीत मूल निजून राहावे म्हणून ती दिली जाई. शाही मजूर आयोगाने (१९३१) पाळणाघरांचा पुरस्कार केला. कारखाने अधिनियम, १९४८ याने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले व १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. मातृत्वलाभ अधिनियमाच्या २०१७ मधील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली. द्राक्षबागेतील वा उसाच्या फडातील झोळीपर्यंत यांपैकी काहीही सहसा पोहोचले नाही.

शेजारखाट : आईजवळ, परंतु तिच्या अंथरुणापासून वेगळे निजविण्याचा विचार यूरोपातही जुना आहे. फ्लॉरेन्स येथे मूल आईच्या अंगाखाली चेंगरू नये म्हणून अंथरुणावरच लाकडी कमानीचा सांगाडा ठेवीत. त्याचे वर्णन १७३२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले आहे. विसाव्या शतकातील रुग्णालयांनी मुलांना आयांपासून वेगळ्या दालनांत ठेवण्याची पद्धत रूढ केली. जागतिक आरोग्य संघटना व यूनिसेफ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या बालस्नेही रुग्णालय उपक्रमाने ती मोडीत काढून आई व बाळ यांना दिवसरात्र एकत्र ठेवण्याचा आग्रह धरला. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत झोपेतील आकस्मिक अर्भकमृत्यूंच्या अभ्यासातून मुलास पालथे न निजविता उताणे निजवावे, असा सल्ला पुढे आला. ब्रिटनमध्ये १९९१ व अमेरिकेत १९९४ पासून त्याचा मोठा प्रचार झाला आणि हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. बाळाने निदान पहिले सहा महिने आईबापांच्या खोलीत, पण स्वतंत्र पृष्ठभागावर निजावे, अशी अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस आहे. पलंगाला जोडून ठेवावयाची, एक बाजू उघडी असलेली खाट या शिफारशीशी जुळते व म्हणून ती लोकप्रिय झाली. निफाड, नासिक येथील दुकानांतूनही ती आता नवलाची राहिलेली नाही.

अशी खाट निवडताना तिची शोभा गौण होय. खाटेची गादी व पलंगाची गादी एका पातळीत यावी आणि दोहोंमध्ये फट राहू नये. खाट पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधता यावी, कारण सरकलेल्या खाटेच्या फटीत मूल अडकू शकते. गजांमधील अंतर सुमारे ६ सेंमी. पेक्षा अधिक नसावे. गादी घट्ट व सपाट असावी आणि तिच्या कडेला दोन बोटांपेक्षा अधिक जागा सुटू नये. बाजूंना लावावयाच्या मऊ गाद्या दिसण्यास सुरेख असल्या, तरी बाळाचे नाक त्यांत रुतू शकते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने त्यांच्या विक्रीस बंदी करण्यात आली. मूल कुशीवर वळू लागले किंवा हातागुडघ्यांवर उठू लागले, की या खाटेचा उपयोग थांबवावा. डोके गोल व्हावे म्हणून मराठी घरांत वापरली जाणारी मोहरीची उशी पहिल्या वर्षात टाळणेच योग्य. ज्यांचा पलंगच नाही, जे जमिनीवर अंथरूण टाकतात, त्यांना महाग शेजारखाटेची गरज नाही. आईच्या अंथरुणालगत घट्ट, सपाट अशी वेगळी चौघडी घातली, तरी तोच हेतू साधतो.

येथे पाश्चात्त्य सल्ल्याला पुरवणी जोडावी लागते. भारतात नवजात अर्भकांच्या मृत्यूची मुख्य कारणे अकाली जन्म, कमी वजन, जंतुसंसर्ग व श्वासावरोध ही आहेत. कमी वजनाच्या बाळाला थंडी लवकर बाधते. म्हणून निफाडच्या हिवाळ्यात जन्मलेल्या दीड-दोन किग्रॅ. वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशीच सुंदर परंतु वेगळ्या खाटेत ठेवणे घातक ठरू शकते. त्याची योग्य जागा आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लागून, हीच होय. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये एद्गार रेय सानाब्रिया यांनी सुरू केलेली ही ‘कांगारू’ पद्धत आता सर्वमान्य आहे. मात्र त्या वेळी आई जागी असावी किंवा दुसरे कोणी लक्ष ठेवून असावे. गडचिरोली येथे अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील आरोग्यदूतांकरवी घरोघर नवजात बालसेवा दिली. तीत बाळ उबदार ठेवण्यासाठी कापडी पिशवीसारख्या साध्या साधनांचा वापर होता. तेथील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या धर्तीवरील गृहभेटींची योजना २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राबविली जाते.

फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना व १९४९ पासून सर्व मातांना बाळाच्या कपड्यांची पेटी सरकारकडून मिळते. तीच रिकामी करून गादीसह बाळाची पहिली शय्या म्हणून वापरण्याची चाल आहे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये पहिल्या अपत्यासाठी कपडे, लहान गादी, मच्छरदाणी, तापमापक इ. वस्तूंचा संच देण्याची योजना आखली. तिचे स्वरूप जुन्या बाळंतविड्याशी मिळतेजुळते आहे. त्या बाळंतविड्यात मात्र पाळण्याची दोरी व कुंची आवर्जून असे.