मज्जासंस्थेतील अल्फा-सिन्युक्लीनचा नकाशा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एखादे प्रथिन मज्जासंस्थेत कोठे आढळते, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ शरीररचनाशास्त्राचा वाटतो. परंतु कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन रोगाच्या इतिहासात याच प्रश्नाने रोगाविषयीची समजूत बदलली. प्रस्तुत लेखात अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या संदर्भात या बदलाचा आढावा घेतला आहे.

शोधाचा मागोवा :
१८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या आधारे या रोगाचे वर्णन केले. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांना रुग्णांच्या चेतापेशींत गोलसर कण आढळले. मेंदूच्या तळाकडील व्हेगस मज्जातंतूचे केंद्र हे त्यांपैकी एक स्थान होते. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी हे कण मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात दाखवले व त्यांना लेवींचे नाव दिले. पुढे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने याच भागावर केंद्रित झाले.

सिन्युक्लीनचा शोध मात्र स्वतंत्रपणे, १९८८ मध्ये, टॉर्पेडो या विद्युत-माशावरील संशोधनातून लागला. १९९७ मध्ये काही इटालियन व ग्रीक कुटुंबांतील आनुवंशिक कंपवाताचा संबंध याच प्रथिनाच्या जनुकातील बदलाशी असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी स्पिलांतिनी, गोडर्ट व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने लेवी-कणांत हे प्रथिन असल्याचे दाखवले. प्रतिपिंडे प्रथिनाला नेमकी चिकटत असल्याने त्याचे स्थान निश्चित करणे आता शक्य झाले.

२००३ मध्ये हायको ब्राक व सहकाऱ्यांनी या पद्धतीने सहा टप्प्यांचा नकाशा मांडला. त्यानुसार आरंभ व्हेगसचे केंद्र व गंधकंद येथे होतो. सबस्टॅन्शिया नायग्राचा क्रम तिसऱ्या टप्प्यात लागतो. लेवींनी ९१ वर्षांपूर्वी नोंदवलेले स्थान अशा रीतीने पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आले.

चर्चा :
हा नकाशा मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून तयार झाला आहे. प्रत्येक मेंदू एकाच क्षणाची साक्ष देतो. त्यांतील क्रम अभ्यासकाने लावलेला असतो. सर्वच रुग्णांत हा क्रम आढळत नाही. शिवाय प्रथिनाचे अस्तित्व म्हणजे पेशीचा नाश नव्हे. तथापि गंधज्ञान कमी होणे, बद्धकोष्ठता यांसारखी लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, ही बाब या मांडणीशी सुसंगत आहे.

निष्कर्ष :
स्थानांवरून काळाचा क्रम लावणे हे इतिहासकाराचेही काम आहे, आणि त्यातील धोकाही समान आहे. ब्राक यांचा नकाशा अंतिम सत्य नव्हे. मात्र हाताला कंप सुटण्यापूर्वीच रोग ओळखता येईल काय, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याने ठळकपणे पुढे आणला, हेच त्याचे ऐतिहासिक मोल होय.