सुप्याच्या पायवाटा

फिरावयास जाणे ही नागर माणसाची चैन आहे. पुण्याचा पेन्शनर पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढतो, मुंबईचा चाकरमान्या सायंकाळी चौपाटीवर फेरी मारतो. दोघांनाही कोठे पोहोचावयाचे नसते. कचेऱ्यांच्या वेळा ठरल्या, माणसे दिवसभर खुर्चीवर बसू लागली, आणि मग पायांना मुद्दाम काम देण्याची गरज उत्पन्न झाली. मोठ्या शहरांनी त्यासाठी टेकड्या, बागा आणि तलावांचे काठ राखून ठेवले. हे योग्यच झाले. परंतु अलीकडे शहरवासीयांस तेवढ्याने समाधान लाभेनासे झाले असून गोवा, बेळगाव, हुबळी, पुणे येथील मंडळी पाठीवर पिशव्या टाकून उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात चालावयास जातात. तेथील रानवाटांची छायाचित्रे कौतुकाने दाखविली जातात. त्या वाटा कशासाठी पडल्या, आणि त्यांतील कित्येक आज मध्येच का तुटतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्या प्रश्नाचा येथे थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

जोयडा हे तालुक्याचे नाव नवे; जुन्या कागदांतून हा मुलूख ‘सुपे’ या नावाने येतो. उत्तरेस खानापूर, पश्चिमेस गोवा, दक्षिणेस कारवार. तालुक्याची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची धार असून तेथून जमीन एकदम गोव्यात कोसळते. काळी नदी याच धारेलगत दिग्गीच्या परिसरात उगम पावते. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असता ती प्रथम पूर्वेकडे निघते आणि मोठा वळसा घेऊन, सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून, कारवारजवळ सदाशिवगडापाशी सागरास मिळते. माणसाने मात्र नदीचा हा वळसा पत्करला नाही. त्याने धारेवरून सरळ खाली उतरणाऱ्या वाटा शोधल्या. अनमोड, तिनई, दिग्गी, अणशी ही नावे त्या शोधाची खूण आहेत.

या वाटा खऱ्या अर्थाने पाडल्या त्या बैलांनी, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. घाटावरचे धान्य खाली आणि किनाऱ्यावरचे मीठ व नारळ वर, हा व्यापार पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी शतकानुशतके चालविला. लादलेल्या बैलास गाडीरस्ता नको असतो; त्यास तीन गोष्टी हव्या असतात: मुक्कामास पाणी, चरावयास गवत, आणि गुडघे न मोडणारी उतरण. म्हणून ही वाट ओढ्याच्या घळीतून सहसा जात नाही. डोंगराची सोंड धरते, नागमोडी उतरते आणि पाणी दिसेल तेथे रुंद होते. पावसाळ्यात ती बंद पडते. आज हौसेने चालणारा ज्या सपाटीवर दम खावयास बसतो, ती पुष्कळदा तांड्याच्या उतरण्याची जागा असावी. दिग्गीच्या बाजूस निबिड रानात ‘बाजारकुणंग’ नावाचे गाव आहे. गावाच्या नावात बाजार यावा आणि भोवती केवळ अरण्य असावे, ही विसंगती आम्हांस बोलकी वाटते. पोर्तुगीज घाटमाथ्यास ‘बालागात’ म्हणत आणि गोव्याचे पोट पुष्कळ अंशी या बालागातावरून येणाऱ्या तांदळावर भरे.

या ये-जा करण्यास लमाणांच्याही पूर्वीचा इतिहास आहे. गोव्याच्या कदंबांची एक राजधानी खानापूर तालुक्यातील हळशी येथे आणि दुसरी गोव्यात समुद्राजवळ होती. एकाच राज्याची दोन आसने घाटाने विभागली असता मधली वाट राजवाट ठरणे क्रमप्राप्तच होते. अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्ला येथे कदंबकालीन महादेवाचे देऊळ उभे आहे. त्याचा काळा पाषाण तेथील जांभ्याच्या प्रदेशातला नसून तो दख्खनच्या पठारावरून आणला गेला, असे अभ्यासक मानतात. वस्तीपासून दूर, अरण्याच्या तोंडाशी इतके कोरीव देऊळ का बांधले, याचे नवल करणाऱ्यांनी घाटाकडे पाहावे. घाट उतरून आलेल्या प्रवाशाचा पहिला विसावा तेथेच पडत असणार.

उळवीची वाट याहून निराळी. बाराव्या शतकात कल्याणनगरीत शरणांवर संकट ओढवले, तेव्हा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा आणि त्यांची माता अक्कनागम्मा अनुयायांसह या रानात आली आणि चन्नबसवण्णांनी उळवी येथे समाधी घेतली, अशी वीरशैव परंपरा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास धारवाड व बेळगाव भागांतून शृंगारलेल्या बैलगाड्यांची रांग उळवीस जाते आणि अनेक भाविक पायी चालतात. ज्यांना पंढरीची वारी ठाऊक आहे त्यांना या गाड्यांचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. आश्रय शोधणाऱ्यांची वाट यात्रेची झाली.

आश्रयाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. या तालुक्यातील कुणबी समाज घरात कोकणी बोलतो आणि आपले पूर्वज पोर्तुगीजांच्या धर्मच्छळास कंटाळून गोव्यातून घाट चढून आले असे सांगतो. उलट १७६३-६४ मध्ये हैदरअलीने सोंध्याचे राज्य घेतले, तेव्हा तेथील राजघराणे घाट उतरून गोव्यात आश्रयास गेले. एकाच धारेवरून एका शतकात प्रजा वर येते आणि दुसऱ्या शतकात राजा खाली जातो. सोंध्याचा घाटाखालील मुलूख पुढे पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादीं’त गेला, १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर घाटमाथा इंग्रजांकडे आला. सह्याद्रीची धार ही दोन युरोपीय सत्तांची सरहद्द बनली, आणि कालपर्यंत जी साधी वाट होती तीवर जकातीचे शिपाई दिसू लागले.

तरीही वाट जिवंत होती. तिला खरा धक्का बसला तो एका तहाने. १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात घेण्यात आला, त्यामागे धारवाडचा कापूस कारवार बंदरातून विलायतेस नेण्याची मोठी आशा होती. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर सदाशिवगडाच्या खाडीवर होती. परंतु कारवारला रेल्वे आली नाही. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यान्वये मुरगावापासून घाटावर रेल्वे नेण्याचे ठरले आणि गोव्यातील मीठ-उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. हा तह १८९२ पर्यंतच टिकला, पण तेवढ्या अवधीत व्हावयाचे ते होऊन गेले. एकीकडे मिठाच्या गोणीवर सरकारचा हात पडला. दुसरीकडे १८८८ मध्ये मुरगावची गाडी घाट चढून सुपे तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकास पोहोचली. कॅसलरॉक ते कुळे हा घाट सुमारे २६ किलोमीटरांचा असून त्याचा चढ सदतिसास एक इतका तीव्र आहे. डझनाहून अधिक बोगदे खणून आणि दूधसागर धबधब्याच्या तोंडावरून पूल बांधून हा मार्ग काढला गेला. आगगाडीचे कौतुक आम्हांसही आहे. पण लादलेल्या बैलाने दिवसभरात जे अंतर तोडावे ते तिने तासा-दोन तासांत तोडल्यावर तांड्यांस घाटात काम उरले नाही. याच सुमारास कुमरी शेतीवर निर्बंध आले आणि रान ‘राखीव’ झाले. बैल गेले, पाठोपाठ बाजार गेले. वाटेवर उरला तो कुणबी, माहेरी जाणारी बाई आणि गुराखी.

विसाव्या शतकात या वाटांनी एकदा पुन्हा इतिहासात पाऊल टाकले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्दीवर ठिकठिकाणी पुढे सरसावल्या. कॅसलरॉकची बाजू त्यांतील एक होती. त्या वर्षी रेल्वे बंद पडली. सहा वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्याची ६३ वी ब्रिगेड अनमोडहून दोन तुकड्यांनी निघाली व मोले येथे उतरून फोंड्याकडे गेली. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. सुपे, हल्याळ व कारवार यांवरील महाराष्ट्राचा दावा त्यातूनच उभा राहिला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.

आता वाटा का तुटतात ते पाहू. सुपे गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर वसले होते. दोन नद्यांच्या संगमावर जशा खोऱ्यांतील वाटा येऊन मिळाव्यात तशा त्या तेथे मिळत. कचेरी, बाजार, देऊळ सर्व तेथेच. वीजनिर्मितीसाठी काळीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. १९८० च्या दशकात ते पुरे झाले आणि सुपे पाण्याखाली गेले. लोकांस रामनगर येथे वसविण्यात आले. कचेरी जोयड्यास गेली आणि तालुक्याने नावही टाकले. विजेचा लाभ साऱ्या राज्यास मिळाला हे खरे आहे. तरी ज्या गावाकडे प्रत्येक वाट जात होती ते गावच नाहीसे झाल्यावर वाटांना दिशा राहिली नाही. रानातून उतरणारी पायवाट अचानक पाण्याशी थांबते आणि पर्यटकास ते दृश्य रमणीय भासते. ते रमणीय आहेच.

दुसरा बदल अरण्याचा. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे; २००७ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव मिळाले. वाघास निवांतपणा हवा यात शंका नाही. त्यासाठी रानातील संचारावर बंधने आली, आणि जी कुटुंबे स्वेच्छेने बाहेर पडतील त्यांस केंद्राच्या योजनेप्रमाणे कुटुंबामागे १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख रुपये, देण्याची तरतूद आहे. काही गेली, काही राहिली. जी राहिली त्यांच्या वाड्यांना पक्का रस्ता मिळणे वनकायद्यामुळे अवघड झाले आहे, आणि पावसाळ्यात आजाऱ्यास झोळीत घालून मैलोगणती चालत आणावे लागल्याच्या वार्ता या तालुक्यातून वारंवार येतात. झोळी वाहणारे ज्या वाटेने येतात तिलाच शनिवारी आलेला पाहुणा ‘निसर्गवाट’ म्हणतो. त्याच्या आनंदास आमची ना नाही. कुवेशीस झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता मार्ग त्याच्यासाठी बांधलेला आहे, त्यावर त्याने अवश्य चालावे. कॅसलरॉकहून रुळांच्या कडेने दूधसागरास जाण्याचा मोह मात्र त्याने आवरावा, कारण रेल्वेने त्यास सक्त मनाई केली आहे आणि बोगद्यात बाजूस सरावयास जागा थोडी. परंतु शक्य झाल्यास एखाद्या कुणब्यास सोबत घेऊन दिग्गीची जुनी वाट धारेपर्यंत तरी चालून पाहावी, वनखात्याची परवानगी घेऊन. तेथून खाली नेतुर्लीचे रान दिसते, आणि सोबतीचा माणूस बहुधा हात दाखवून सांगतो की आपली सोयरीक त्या बाजूस आहे.