काडतुसाचे सुटे भाग आणि परवान्याचा प्रश्न

भारतात परवाना दाखवल्याशिवाय बंदुकीचे काडतूस विकत मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण काडतुसाचे सुटे भाग विकताना दुकानदाराने परवाना मागावा का? हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो, कारण काडतुसे घरी भरण्याचा छंद इथे जवळजवळ नाहीच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो आहे. तिथले नेमबाज आणि शिकारी एकदा उडवलेली पितळी पुंगळी जपून ठेवतात, तिच्यात नवी सामग्री भरतात आणि पुन्हा वापरतात. त्यात पैसे वाचतात, नेम अधिक अचूक साधता येतो आणि जुन्या बंदुकांची काडतुसे बाजारात मिळेनाशी झाली तरी अडत नाही. ही सामग्री विकताना काय विचारायचे, याची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळी दिली गेली आहेत. ती तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: कायदा ज्याला ‘दारूगोळा’ म्हणतो आणि दुकानदार ज्यासाठी परवाना मागतो, त्या वस्तू एकच असतात असे नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. धातूच्या काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, दारू, गोळी आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेला प्रायमर. प्रायमर म्हणजे धातूची चिमुकली वाटी. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन असते. चाप ओढला की एक खीळ प्रायमरवर आपटते आणि निघालेली ज्वाला पुंगळीतल्या दारूपर्यंत पोहोचते. दिवाळीत मुले उडवतात त्या टिकलीचे तत्त्व हेच. शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतणे शेकडो वर्षे घराघरांत चालत आले आहे. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. प्रायमर मात्र एकदाच वापरता येतो आणि व्यवहारात तो कारखान्यातूनच यावा लागतो. पुढचा सगळा इतिहास या साध्या फरकाभोवती फिरतो.

आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा बंदुकीत वापर करण्याचे पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्रीने 1807 मध्ये घेतले. पुढच्या काही दशकांत तांब्याच्या टोप्या आल्या. ठासणीच्या बंदुकीवर त्या बाहेरून बसवत. धातूचे काडतूस आल्यावर हीच टोपी पुंगळीच्या आत गेली. 1866 च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी प्रायमरच्या दोन रचना दिल्या. गंमत अशी की इंग्रज बॉक्सरची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यामुळे वापरलेला प्रायमर साध्या सळईने बाहेर ढकलता येतो. पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला त्यामागे या भोकाचा वाटा मोठा आहे. काही काळ एक अडचण होती. जुन्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे संयुग असे, आणि पारा पितळेत शिरून पुंगळी ठिसूळ करी. पाऱ्याऐवजी दुसरी रसायने आल्यावर ती अडचणही सुटली.

आता कायद्याकडे वळू, आणि सुरुवात भारतापासूनच करू. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना 1878 चा शस्त्र कायदा झाला. त्यातली ‘दारूगोळ्या’ची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिच्यात चकमकीचे दगड येतात, बंदुकीत ठासायचे बोळे येतात, आघाताने पेटणाऱ्या टोप्या येतात. दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. मग लगेच अपवाद येतो: शिसे, गंधक आणि सोरा यांचा त्यात समावेश नाही. बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक सोरा आणि गोळीचे शिसे वगळायचे, पण बोळे आणि टोप्या धरायच्या, हे वरवर उलटे वाटते. तसे ते नाही. बिहारचा सोरा हा मोठ्या व्यापाराचा माल होता. त्याचा उपयोग खतापासून आतषबाजीपर्यंत अनेक ठिकाणी होई. गंधक वैद्यांच्या औषधात लागे. शिशाचे उपयोग तर असंख्य. बंदुकीच्या टोपीला मात्र बंदुकीखेरीज दुसरा उपयोग नाही. म्हणजे व्याख्या करणाऱ्याने वस्तू किती घातक आहे यापेक्षा ती आणखी कशाकशाला लागते हे पाहिले. सरकारने एक दार मात्र उघडे ठेवले होते. हवे त्या प्रदेशापुरते शिसे, गंधक आणि सोरा यांनाही ‘लष्करी सामग्री’ ठरवण्याचा अधिकार त्याच कायद्यात होता.

या कायद्याचा अन्याय व्याख्येत नव्हता, तो परवान्यात होता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्यातून सूट होती. कोडगूच्या कोडवांनाही सूट दिली होती आणि ती आजही काही अटींसह चालू आहे. बाकीच्या हिंदी माणसाला मात्र दुकानात परवाना विचारला जाई. राष्ट्रीय सभेच्या 1887 च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो या भेदभावामुळेच. म्हणून दुकानदाराने परवाना मागावा की नाही हे ठरवण्याआधी तो परवाना कोणाला आणि कोणत्या निकषावर मिळतो, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

अमेरिकेची कथा दुसऱ्या टोकाची आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर 1968 मध्ये संघराज्याचा बंदूक नियंत्रण कायदा झाला. त्यात काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू या चारही गोष्टींना ‘दारूगोळा’ म्हटले गेले. विकणाऱ्याला परवाना हवा आणि त्याने गिऱ्हाइकाचे नाव, वय, पत्ता वहीत टिपावा, अशी अट आली. वह्या भरू लागल्या, पण त्या वाचणार कोण? कोट्यवधी काडतुसे खपणाऱ्या देशात त्या नोंदींतून गुन्हेगार शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होते. पुढच्याच वर्षी रायफल आणि शॉटगनच्या दारूगोळ्याला नोंदीतून सूट मिळाली. 1986 मध्ये काँग्रेसने बहुतेक सगळ्या दारूगोळ्याची नोंद आणि केवळ दारूगोळा विकणाऱ्याच्या परवान्याची अट, दोन्ही काढून टाकली. व्याख्या मात्र तशीच राहिली. संघराज्याच्या कायद्यात आजही प्रायमर हा दारूगोळाच आहे आणि गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाने तो बाळगणे निषिद्ध आहे, पण विकत घेणारा तसा आहे की नाही हे विचारण्याची सक्ती दुकानदारावर नाही. काही राज्यांनी ही पोकळी आपापल्या परीने भरली. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रायमर किंवा दारू घ्यायची तर राज्याचे बंदुकीचे ओळखपत्र किंवा परवाना लागतो.

ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. तिथल्या 1968 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत सुटा प्रायमर दारूगोळा ठरत नाही. डनब्लेनच्या शाळेतल्या 1996 च्या हत्याकांडानंतर हातातल्या पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. तरीही काळ्या बाजारातली शस्त्रे उरली, आणि त्यांना काडतुसे लागत होती. 2006 च्या हिंसक गुन्हे कमी करण्याच्या कायद्यातील 35 व्या कलमाने धातूच्या काडतुसाचा प्रायमर विकण्यावर अट घातली: घेणाऱ्याने शस्त्राचे प्रमाणपत्र दाखवावे, किंवा तो नोंदणीकृत विक्रेता वगैरे ठरलेल्या वर्गांत बसावा. नुसता प्रायमरच नव्हे, प्रायमर बसवलेली रिकामी पुंगळीही या अटीत आली. प्रायमर नसलेली पुंगळी मोकळी राहिली. किती प्रायमर घेतले याची नोंद प्रमाणपत्रावर करण्याची सक्ती त्या कलमात नाही. कागद पाहायचा आणि माल द्यायचा, इतकेच.

माझे मत ब्रिटिश कलमाच्या बाजूने झुकते. विरोधात दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, गुन्हेगार दुकानात येतच नाही. हे बरेचसे खरे आहे, पण दुकानात न विचारता मिळत असेल तर तो का येणार नाही? दुसरी, अशाने दुकानदार पोलीस होतो. परवान्याचा कागद पाहणे हे औषधाच्या दुकानात डॉक्टरची चिठ्ठी पाहण्यापेक्षा वेगळे नाही, आणि ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहेच त्याला तो खिशातून काढण्याचा त्रास फार मोठा नाही. प्रश्न चारही भागांना सरसकट लावला की मात्र अमेरिकेतल्या वह्यांसारखी गत होते. शिशावर पहारा ठेवून काही साधत नाही. 1878 च्या मसुदाकारालाही ते कळले होते. दारूवर स्फोटकांच्या कायद्याचे, मुख्यतः साठवणुकीच्या सुरक्षिततेचे, वेगळे नियम असतात. उरतो प्रायमर. तो दुसऱ्या कामाचा नाही, घरी बनत नाही आणि त्याच्यावाचून काडतूस उडत नाही. ब्रिटिश कलमातील उणीव प्रमाणाची आहे: एका प्रमाणपत्रावर दहा दुकानांतून कितीही माल घेता येतो.

भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्याने जुन्या व्याख्येचा गाभा ठेवला. बंदुकीत भरायचा बार, त्याची सामग्री आणि दारूगोळ्याचे सुटे भाग हा दारूगोळाच आहे. एका वेळी आणि वर्षभरात किती दारूगोळा घेता येईल, हे परवान्यावरच लिहिलेले असते. घरी काडतुसे भरणारे इथे नसले, तरी या तरतुदी कागदावरच राहिलेल्या नाहीत. कोकणात रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखायला परवाना काढून ठासणीची बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत. त्या बंदुकीला तयार काडतूस नसतेच. दारू, छर्रे आणि टोपी वेगवेगळी घ्यावी लागते. सुट्या भागांसाठी परवाना दाखवणे ही त्या शेतकऱ्याची दर हंगामातली गोष्ट आहे. त्याच व्याख्येच्या शेवटच्या उपकलमानुसार, दारूगोळ्याचा एखादा घटक राजपत्रात अधिसूचना काढून या यादीत घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. शिसे आणि सोऱ्यासाठी 1878 मध्ये उघडे ठेवलेले दार अशा प्रकारे नव्या कायद्यातही उघडेच राहिले.