ओठावरची सही

वीस वर्षं मी बँकेत सह्या ताडून पाहतोय. चेहरा बघायचा नाही, हा आमचा धर्म! त्यामुळे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे कुंभारांविषयी वाचलं आणि ओशाळलो.

या मंडळींना लिपीच नव्हती. म्हणजे सहीची भानगडच मिटली. इसवी सन 100 ते 800 च्या दरम्यान त्यांनी साच्यातून मातीची भांडी काढली. माथ्यावर रिकिबीसारखी वाकलेली पोकळ नळी, तिला एकच तोटी. खाली कुठे घुबड, कुठे समुद्रसिंह. आणि कुठे चक्क खऱ्याखुऱ्या माणसाचं तोंड!

एका गृहस्थाची तर चाळीसहून अधिक भांडी आहेत. दहाएक वर्षांच्या पोरापासून तिशी ओलांडलेल्या बाप्यापर्यंत. डोनन नावाच्या अमेरिकन संशोधकाने त्याला ओळखलं, ते वरच्या ओठावरच्या व्रणावरून. वय बदललं, व्रण नाही बदलला.

परवा एका थरथरत्या हाताच्या पेन्शनर आजोबांना मी दोनदा परत पाठवलं. सही जुळेना. तिसऱ्यांदा मोच्यांना स्मरून मान वर केली. भुवईवर खोक! अहो, हे तर आमचे गणिताचे मास्तर!

काउंटरमागून उठलो. मास्तर म्हणाले, "बस रे. मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."