दोन ‘सैरंध्री’ आणि यंत्राची पुण्याई

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने राजारामपुरीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढला आहे. दारावरच्या फलकावर त्याच्या स्वतःच्या नावाच्याही वर ‘नॉयमन’ हे जर्मन मायक्रोफोनचे नाव ठळक अक्षरांत आहे. कर्ज काढून घेतलेली वस्तू. ती फलकावर चढवल्यावाचून त्याला राहवले नसावे. “सर, गिऱ्हाईक हेच बघून येतं,” तो म्हणाला. मी मान डोलावली. पण घरी येताना मनात ‘सैरंध्री’ घोळत राहिली. किंबहुना दोन ‘सैरंध्री’. दोन्ही कोल्हापूरच्याच.

पहिली १९२० सालची. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव आणि आनंदराव या पेंटर बंधूंना चित्रपटाचे वेड लागले, परंतु विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. मग तो घरीच घडवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढचे काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांसारखा यंत्रात जीव असलेला माणूस हाताशी धरून तडीस नेले. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात घडलेला तो कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी एका पडदे रंगवणाऱ्याच्या हाती दिली, तेव्हा त्याच्यापाशी दाखवायला कोणत्या नामांकित कारखान्याचे यंत्र होते? तिने माणूस पाहिला होता. आपल्या वाङ्मयेतिहासांत अशा आश्रयदात्रींना एखादी तळटीपही मिळत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. त्या कॅमेऱ्यावर घेतलेली ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात झळकली आणि गाजली. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने ते कापायला लावले.

दुसरी ‘सैरंध्री’ १९३३ सालची, प्रभात फिल्म कंपनीची. कथा तीच, गाव तेच, आणि दामले-फत्तेलाल ही माणसेही बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेली. दिग्दर्शक शांतारामबापू. बदलले होते ते तंत्र. हा चित्रपट रंगीत करायचा होता आणि त्यासाठी तो जर्मनीपर्यंत नेण्यात आला. त्या काळात यापेक्षा मोठी प्रतिष्ठा कोणत्या प्रयोगशाळेला होती! परंतु रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि भारतातील पहिला रंगीत चित्रपट म्हणून ज्याचा गाजावाजा झाला त्याच्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली. लेथवरच्या कॅमेऱ्याने जे साधले ते जर्मन रसायनाला साधले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते अर्धसत्य होईल.

कारण यंत्राशिवाय भागत नाही, हेही याच गावाने पाहिले आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांची सद्दी संपली. बाबूरावांची कंपनी त्या लाटेत टिकली नाही. प्रभात टिकली, कारण तिने वेळेवर ध्वनियंत्रणा आणली. तथापि त्या यंत्रणेपाशी कोण बसले? तेच दामले. ज्यांनी कॅमेरा घडवण्यात हात घातला होता, त्यांनीच १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे ध्वनिमुद्रण सांभाळले. गोविंदराव टेंब्यांचे गाणे आणि दुर्गाबाई खोट्यांचे संवाद लोकांनी ऐकले. यंत्र कोणत्या कंपनीचे याची चौकशी करायला कुणी तिकीट काढले नसेल. यंत्र हा जत्रेतला प्रवेशकर समजावा. तो भरल्यावाचून आत जाता येत नाही, पण तो भरला म्हणून आपल्या दुकानाशी गर्दी होईलच असे नाही.

इथे कुणी म्हणेल की प्रभातचे गिऱ्हाईक म्हणजे प्रेक्षक. स्टुडिओ भाड्याने घेणाऱ्या निर्मात्याचे गणित निराळे. आक्षेप रास्त आहे. निर्माता अनोळखी असेल तर त्याच्यापुढे खात्रीला दुसरे असते काय? यंत्राचे नाव ही अपरिचितांमधली हुंडी आहे. जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘वेस्ट्रेक्स’ किंवा ‘आर.सी.ए.’ ही नावे दिमाखात येत, ती उगाच नव्हेत. मुंबईसारख्या ओळख नसलेल्यांच्या शहरात अशी हुंडी वटते. तीही पहिल्या खेपेपुरती. शांतारामबापूंनी १९४२ मध्ये परळला राजकमल उभे केले. तिथे पुढे निर्माते चित्रपट घेऊन येत ते पुनर्ध्वनिमुद्रणाला मंगेश देसाई बसणार म्हणून. ‘शोले’च्या श्रेयनामावलीतही त्यांचे नाव आहे.

कोल्हापुरात तर सगळे सगळ्यांना ओळखतात. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओचे उदाहरण त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो भस्मसात झाला. ‘मीठ भाकर’ही जळाला. यंत्राची पुण्याई खरी मानली तर हिशेब तिथेच संपायला हवा होता. पण भालजींनी ‘मीठ भाकर’ पुन्हा उभा केला. तो १९४९ मध्ये पडद्यावर आला. चंद्रकांत-सूर्यकांतांसारखे नट भालजींच्या तालमीत घडले आणि स्टुडिओ पुढे कितीतरी वर्षे हलता राहिला. राखेतून उभ्या राहिलेल्या त्या जागेत लोक कशासाठी येत होते, हे कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारावे.

परवा पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. पंचक्रोशीतले एक भजनी मंडळ आले होते. बुवांना मायक्रोफोनचे नाव सांगून उपयोग नव्हता. पखवाज आवाजावर चढतो आहे, एवढीच त्यांची तक्रार. पोराने पखवाजवाल्याला तीन वेळा जागा बदलून बसवले, चौथ्यांदा भिंतीला सतरंजी लावली. दोन तास गेले. त्याने पैसे एकाच तासाचे घेतले. कर्जाचे हप्ते अजून साडेतीन वर्षांचे आहेत. फलकाचा विषय मी काढला नाही.