दुसऱ्याचे लिहिलेले वाचताना

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नव्याने आलेली मुले-मुली भेटली, की एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, चांगला प्रोग्रॅमर व्हायचं तर काय शिकू?’ त्यांना एखाद्या भाषेचे किंवा एखाद्या कोर्सचे नाव हवे असते. मी उलट विचारतो, ‘दुसऱ्या कुणी लिहिलेला एखादा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलायस का कधी?’ बहुतेक वेळा समोरचा गोंधळून बघतो. गाणे न ऐकता गवई व्हायला निघालेल्या माणसाला आपण हसू. पण न वाचता प्रोग्रॅमर व्हायला निघालेल्याला कुणी हसत नाही.

मलाही हसण्याचा अधिकार नाही, कारण वाचनाचे महत्त्व मला उशिरा आणि नामुष्की पदरात पडल्यावर कळले. १९९८ सालची गोष्ट. ‘वायटूके’ची धामधूम होती. १९६०-७०च्या दशकांत संगणकाची स्मृती महाग, पंचकार्डावर रकाने मोजून ऐंशी. त्यामुळे तेव्हाच्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. २००० साल उजाडले की यंत्र त्याला १९०० समजणार, ही भीती होती. जगभरातल्या जुन्या आज्ञावल्या तपासायचे काम मोठ्या प्रमाणात भारताकडे आले आणि मुंबई-पुण्यातली माझ्यासारखी असंख्य मुले त्यावर बसली. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाने वीस वर्षांपूर्वी ‘कोबॉल’ भाषेत लिहिलेल्या हजारो ओळी वाचायच्या आणि तारखा शोधायच्या. मला त्याची लाज वाटे. मित्र नवी सॉफ्टवेअर बनवत होते आणि मी जुन्याला ठिगळे लावत होतो. नोकरी सोडायचे मनात घोळत होते.

एके दिवशी विम्याच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका आज्ञावलीत मला ‘चूक’ सापडली. लीप वर्ष ठरवताना त्या माणसाने वर्षाला फक्त चारने भाग दिला होता. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते, हे त्याला माहीतच नाही! मी मोठ्या ऐटीत शंभराचा नियम घातला आणि काम पुढे पाठवले. संध्याकाळी आमच्या गटप्रमुख मॅडमनी बोलावले. ‘अरे, शंभराचा नियम घातलास. चारशेचा कुठे आहे?’ शंभराने भाग जात असला, तरी चारशेने भाग गेला तर ते वर्ष लीपच असते. म्हणजे २००० हे लीप वर्ष होते. माझ्या दुरुस्तीने त्या वर्षाची २९ फेब्रुवारी कॅलेंडरातून गायब झाली असती. मग त्यांनी आज्ञावलीच्या माथ्यावर बोट ठेवले. कोबॉलमध्ये सातव्या रकान्यात तारा काढला की ती ओळ यंत्रासाठी नसते, वाचणाऱ्या माणसासाठी असते. तिथे त्या अनोळखी माणसाने लिहून ठेवले होते, की १९०१ ते २०९९ या काळात चारने भाग देणे पुरेसे आहे. त्याला सगळे ठाऊक होते. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

त्या दिवशी नोकरी सोडायचा विचार बाजूला पडला. हे वाचण्याचे काम हलके नाही, उलट या विद्येची तीच खरी तालीम आहे, अशी शंका आली. पुढे या विद्येचा इतिहास वाचू लागलो तेव्हा शंकेची खात्री झाली. मोठमोठ्या प्रोग्रॅमरांची सुरुवात पाहिली, तर तिथे दुसऱ्याचे लिहिलेले काहीतरी उघडे पडलेले दिसते.

डोनाल्ड क्नुथ यांचेच बघा. १९५६ साली अठरा वर्षांचा हा मुलगा अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पदार्थविज्ञान शिकायला गेला. तिथे त्याची ‘आयबीएम ६५०’ या यंत्राशी गाठ पडली. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतले नमुन्याचे प्रोग्रॅम त्याने वाचले आणि त्याला वाटले, की आपण यापेक्षा बरे लिहू शकू. आपल्याला या कामात काही गती असावी, हे त्याला कळले ते असे, दुसऱ्याच्या सामान्य लिखाणावरून.

पण खरा परिणाम केला तो एका उत्तम प्रोग्रॅमने. आयबीएम ६५०ची स्मृती फिरत्या चुंबकीय ढोलावर होती. ढोल मिनिटाला १२,५०० फेरे घेई आणि त्यावर साधारणपणे २,००० संख्या मावत. प्रत्येक आज्ञेतच ‘पुढची आज्ञा कुठे आहे’ त्याचा पत्ता असे. ती जागा नुकतीच वाचकाखालून निसटली असेल, तर ढोलाचा जवळजवळ पूर्ण फेरा होईपर्यंत यंत्र ताटकळत राही. म्हणून आज्ञा ढोलावर अशा पेराव्या लागत, की आधीची संपता संपता पुढची नेमकी समोर यावी. हा हिशेब करून देणारा ‘सोप’ नावाचा प्रोग्रॅम आयबीएमच्या स्टॅन पोली यांनी लिहिला होता. क्नुथने तो ओळीओळीने वाचला. तो वाचताना सिंफनी ऐकल्यासारखे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एकेक आज्ञा दोन-दोन कामे करत होती आणि सारे डौलात जुळून येत होते. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक प्रोग्रॅम वाचला. तो काम चोख करी, पण त्यात कसली चमकच नव्हती. तो पोलींच्या धर्तीवर नव्याने लिहावा, या ईर्षेने ते कामाला लागले. १९६८मध्ये त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड आला. आज तो या शास्त्रातला आधारग्रंथ मानला जातो. त्याची अर्पणपत्रिका कुणा माणसाच्या नव्हे, तर त्या आयबीएम ६५०च्या नावे आहे.

सगळ्यांच्या हाती असे लिखाण सहज पडत नव्हते. १९६८च्या सुमारास सिएटलमध्ये बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन ही शाळकरी मुले एका संगणक कंपनीत यंत्रावर वेळ मिळावा म्हणून जात. रात्री ती कंपनीच्या कचऱ्याच्या डब्यात उतरून फेकून दिलेले छापील कागद शोधत, कारण त्यावर यंत्राच्या मूळ आज्ञावल्या असत. चांगले प्रोग्रॅम वाचणे ही या कामाची उत्तम तयारी असल्याचे गेट्स यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. गंमत अशी, की १९७६मध्ये याच गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहिले आणि आमचे सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेणे ही चोरी आहे, असे ठणकावले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. कष्टाचे मोल मागणाऱ्याला चूक कसे म्हणायचे? पण सगळीच पाने कुलूपबंद झाली, तर पुढच्या पोराने शिकायचे कशावरून?

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो ‘युनिक्स’च्या बाबतीत. न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या कार्यप्रणालीची सुरुवात केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सगळा कारभार हाकणारे सॉफ्टवेअर. बेल प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात दिले जाई, तेही मूळ आज्ञावलीसकट.

ते ऑस्ट्रेलियातही पोहोचले. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली. विद्यार्थ्यांना आपण दहा-वीस ओळींची खेळणी देतो. खरा, चालता, नामांकित प्रोग्रॅम वाचायला का देऊ नये? युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजारांहून कमी ओळींचा होता, म्हणजे एका माणसाच्या डोक्यात मावेल इतका. लायन्स यांनी त्याला ओळक्रमांक घातले, एका पुस्तकात मूळ आज्ञावली छापली आणि दुसऱ्यात तिच्यावरचे भाष्य. १९७७मध्ये ही दोन पुस्तके तयार झाली. आपल्याकडे मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका शेजारी ठेवून वाचायची जुनी रीत आहे. लायन्स यांनी तीच रीत प्रोग्रॅमला लावली.

त्या आज्ञावलीत एक टिपण प्रसिद्ध आहे. एका प्रक्रियेकडून दुसरीकडे ताबा सोपवण्याच्या अवघड जागी लिहिले आहे, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. लोकांना तो उद्धटपणा वाटला. रिची यांनी पुढे खुलासा केला, की ‘हे परीक्षेत येणार नाही’ अशा अर्थाने ते लिहिले होते. शिवाय तिथे नेमके काय घडते आहे, ते आम्हालाही नीट उमगले नव्हते, अशी कबुलीही त्यांनी दिली. मला ही कबुली फार धीर देते. मोठ्यांचे लिखाण वाचले की त्यांची थोरवी कळते, तशी त्यांची चाचपडही कळते. केवळ थोरवी दिसली तर नवखा माणूस दबून जातो. चाचपड दिसली की त्याला वाटते, इथे आपल्यालाही जागा आहे.

१९७९मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि दार बंद झाले. नव्या परवान्यात मूळ आज्ञावली वर्गात शिकवायला मनाई होती. लायन्स यांची पुस्तके उघडपणे मिळेनाशी झाली. मग जगभरातल्या विद्यार्थ्यांनी काय केले? झेरॉक्सच्या प्रतीवरून झेरॉक्स काढली. एका पिढीने युनिक्सचे अंतरंग अशा पुसट होत गेलेल्या पानांवर वाचले. ही पुस्तके रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९६ उजाडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९८मध्ये, लायन्स वारले. आपले पुस्तक दुकानात आलेले त्यांना पाहता आले, एवढेच समाधान.

पण बंद दाराने एक चांगली गोष्ट घडवली. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना आता शिकवायला युनिक्स उरले नाही. त्यांनी ‘मिनिक्स’ नावाची छोटी कार्यप्रणाली स्वतःच लिहिली आणि १९८७मध्ये पाठ्यपुस्तकाच्या मागे तिची आज्ञावली छापून टाकली. ते पुस्तक हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याच्या हाती पडले. जानेवारी १९९१मध्ये त्याने स्वतःचा संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवले. वाचता वाचता, वापरता वापरता त्यातले काय खटकते ते त्याच्या ध्यानात आले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सवाल्यांना कळवले, की आपण एक कार्यप्रणाली करतो आहोत. हौसेचे काम आहे, फार मोठे काही होणार नाही. ती ‘लिनक्स’. आज अँड्रॉइड फोनपासून जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांपर्यंत तिचाच गाभा चालतो. तिची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता येते, बदलता येते. झेरॉक्स काढायची गरज उरली नाही.

आता दार सताड उघडे आहे, पण आत शिरणारे किती? आता तर सांगाल तो प्रोग्रॅम यंत्रच लिहून देते, तेही काही सेकंदांत. तरुण मंडळी मला विचारतात, मग आम्ही वाचायचे कशाला? मला वाटते, आता तर वाचलेच पाहिजे. लिहिणारे यंत्र असो की माणूस, त्या ओळी बरोबर आहेत का, हे कुणीतरी ठरवायचे आहे. माझ्या १९९८च्या त्या ‘दुरुस्ती’त व्याकरणाची एकही चूक नव्हती. संगणकाने ती बिनतक्रार स्वीकारली होती. ती अडली ती एका वाचणाऱ्या बाईपाशी.

प्रेरणा म्हणजे कुठूनतरी लख्ख वीज चमकते, अशी आपली समजूत असते. मी पाहिले ते असे, की प्रेरणा दुसऱ्याच्या पानावर सापडते. कधी ‘वा, हे असंही करता येतं!’ म्हणून आणि कधी ‘छे, हे याहून बरं जमायला हवं’ म्हणून. दोन्हीसाठी आधी ते पान उघडावे लागते. नवख्यांनी फार काही करू नये. रोज वापरतो त्यातला एक छोटा खुला प्रोग्रॅम निवडावा, आठवडाभर फक्त वाचावा, प्रत्येक ओळ इथे का आहे असे विचारावे आणि एवढे झाल्यावरच बदलायला हात लावावा.

ती कोबॉलमधली तारांकित ओळ लिहिणारा कोण होता, मला कधीच कळले नाही. त्याच्या आज्ञावलीच्या माथ्यावर त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे तेवढी होती. त्याने वीस वर्षांनंतर येणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी निरोप ठेवला होता आणि तो माणूस मी होतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर मी दोन ओळी माणसासाठी लिहितो. पुढे कुणीतरी घाईत येईल, ऐटीत येईल. निदान त्याने त्या वाचाव्यात.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)