चोवीस पत्त्यांचें कोडें

चोवीस पत्ते ओळीनें मांडा. ते हालविण्याच्या दोन-तीन ठराविक रीती घेऊन त्याच हव्या त्या क्रमानें पुनःपुन्हां योजल्या, तर एकंदर रचना किती निघतील? बहुधा शक्य असलेल्या सर्व, निदान निम्म्या तरी. एमील मात्यू या फ्रेंच गणितज्ञानें 1873 सालीं दिलेल्या रीतींतून मात्र 24,48,23,040 च निघतात. पण नुसत्या रीतींकडे पाहून हें कोणास कळावें? अमेरिकेच्या मिलरनें तर 1898 सालीं असा समूह असूंच शकत नाहीं असें ‘सिद्ध’ केलें, आणि 1900 सालीं आपली चूक आपणच छापून कबूल केली. फळ्यावरची चूक मुलांदेखत पुसतांना आम्हां मास्तरांचा जीव किती कासावीस होतो, तें मी जाणतों!

संशय पुरता फिटला तो 1938 सालीं. जर्मनीच्या एर्न्स्ट विटनें चोविसांतून आठ-आठांचे 759 संच असे निवडले कीं, कोणतेही पांच घ्या, ते बरोबर एकाच संचांत एकत्र सांपडतात. मात्यूच्या रीतीनें प्रत्येक संच हलून दुसऱ्या संचाच्याच जागीं बसतो. जो नेम मूळ रीती मोडीत नाहींत, तो त्यांच्या कोणत्याहि मिश्रणानें मोडत नाहीं. मग सर्व रचना निघतील कशा? मात्यू वारल्यास तेव्हां 48 वर्षें होत आलीं होतीं.